सर्किट एक सांगतं, बोर्ड दुसरंच : स्कीमॅटिक आणि लेआउट जुळते कसे ठेवता?

ठिबकवाला

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबडमध्ये माझं छोटं युनिट आहे, ठिबकचे कंट्रोलर बनवतो. एक मायक्रोकंट्रोलर, त्याच्यापुढे यूएलएन २००३ (रिले चालवणारी सात चॅनलची चिप), मग सात रिले आणि रिलेवरून २४ व्होल्ट एसीचे सात सोलेनॉइड व्हॉल्व्ह. सर्किट (म्हणजे स्कीमॅटिक, कोणती पिन कोणाला जोडायची तो कागद) आणि फर्मवेअर माझं. लेआउट, म्हणजे बोर्डवर पार्ट आणि ट्रॅक बसवायचं काम, एका ओळखीच्या दादांकडून करून घेतो, हात फार चांगला आहे त्यांचा. दोघंही बोर्ड डिझाइनचं एकच सॉफ्टवेअर वापरतो, किकॅड.

गेल्या महिन्यात ४० बोर्ड बनवून, भरून, बागांमध्ये लावले. चौथ्या दिवशी पहिला फोन आला, "तीन नंबर लावला की पाचच्या प्लॉटला पाणी जातंय." मला वाटलं व्हॉल्व्हच्या वायरी उलट जोडल्या असतील. दोन दिवस बागेत वायरी तपासण्यात गेले. शेवटी बोर्ड काढून घरी आणला, मल्टीमीटर बीपवर ठेवला. यूएलएनच्या १४ नंबरच्या पिनवर एक टोक आणि दुसरं तिसऱ्या रिलेच्या कॉइलवर. शांत. टोक सरकवत सरकवत पाचव्या रिलेवर आलो आणि बीप वाजला. समोर भिंतीवर मी काढलेलं सर्किट चिकटवलेलं होतं, त्यात १४ नंबर सरळ तिसऱ्याला जोडलेला.

दादांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, दोन आउटपुटची अदलाबदल केलीय, ट्रॅक एकमेकांना आडवे येत होते. फोनवर सांगितलं होतं तुला, प्रोग्रॅममध्ये फिरवून घे म्हणून." सांगितलं असणार. मी तेव्हा बागेत मोटारीच्या आवाजात उभा होतो.

माझा प्रश्न असा की सॉफ्टवेअरने हे पकडलं कसं नाही? डीआरसीत, म्हणजे त्याच्या डिझाइन-नियमांच्या तपासणीत, एकही चूक नव्हती. आणि दोन माणसं एका बोर्डावर काम करतात तेव्हा सर्किट आणि लेआउट एकमेकांना धरून राहावेत म्हणून तुम्ही काय करता?

बुधवारपेठ

पाचच्या प्लॉटची मजा झाली की हो! बाग कशाची आहे?

ठिबकवाला

द्राक्षं. छाटणी नुकतीच झाली होती म्हणून निभावलं.

तांबेपट

दादांना तुम्ही नेमकं काय पाठवलं होतंत? अख्खा प्रोजेक्ट फोल्डर, की नुसती बोर्डची फाइल?

ठिबकवाला

नुसती बोर्डची फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर.

तांबेपट

मग तिथेच गाडी घसरली. नुसत्या बोर्ड फाइलवर डबल क्लिक केलं की किकॅडचा पीसीबी एडिटर एकटा उघडतो. त्याला स्कीमॅटिकचा पत्ताच नसतो. अशा वेळी एफ-८ दाबून 'स्कीमॅटिकवरून पीसीबी अपडेट करा' म्हटलं तरी तो नकार देतो, प्रोजेक्ट मॅनेजरमधून या म्हणतो. दादांनी पॅडच्या (पिन सोल्डर होते ती तांब्याची जागा) प्रॉपर्टीजमध्ये जाऊन १४ आणि १२ या दोन पॅडना लागलेल्या नेटची (नेट म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पिनांचा गट) नावं एकमेकांत बदलली असणार. तसं करता येतं. तेवढं झालं की बोर्डच्या दृष्टीने तेच खरं कनेक्शन. डीआरसी बोर्डची तुलना बोर्डच्याच नेटशी करतो, मग चूक सापडणार कुठून?

एक करून बघा. प्रोजेक्ट मॅनेजरमधून दोन्ही उघडा, डीआरसीच्या खिडकीत 'पीसीबी आणि स्कीमॅटिक जुळतात का तपासा' अशा अर्थाची एक चौकट आहे, तिच्यावर टिक करा आणि मग चालवा. त्याला पॅरिटी चेक म्हणतात. काय निघतं ते इथे सांगा.

तिसरंवर्ष

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला तर शिकवलंय की डीआरसी शून्य आला की बोर्ड पाठवायचा. ते चूक आहे का?

तांबेपट

@तिसरंवर्ष, अर्धंच आहे. असं समज, दुकानदाराच्या वहीतली बेरीज बरोबर आहे का हे एक तपासणं झालं. वही आणि बँकेचं पासबुक जुळतंय का हे वेगळं तपासणं. साधा डीआरसी म्हणजे वहीतली बेरीज: ट्रॅकमधलं अंतर, ड्रिलचं माप, एखादं कनेक्शन अर्धवट राहिलंय का. पॅरिटी म्हणजे पासबुकाशी ताळा. दोन्ही हवेत.

सरळ_ट्रॅक

मी गेली पंधरा वर्षं पुण्यात लेआउट करते. इथे लेआउटवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय, म्हणून त्याची बाजू मांडते.

अदलाबदल ही आमची चैन नाही, कामाचा भाग आहे. सर्किट काढणारा पिना क्रमाने जोडत जातो, कारण कागदावर ते छान दिसतं. बोर्डावर मात्र रिलेंची रांग कनेक्टरच्या बाजूने ठरते, कनेक्टरची बाजू खोक्यावरून ठरते. दोन रेघा एकमेकींना कापणार असतील तर दोन व्हाया (थर बदलायची भोकं) मारून एक ट्रॅक खालून न्यायचा, नाहीतर एक फेरा मारून आणायचा. रिलेच्या कॉइलचा ट्रॅक मायक्रोकंट्रोलरच्या क्रिस्टलजवळून फिरवण्यापेक्षा अदलाबदल हजार पटीने बरी. दादांचा निर्णय बरोबरच होता. चुकला तो निरोप.

यूएलएनबद्दल एक बारकावा. त्याचे सातही चॅनल सारखे असतात, १ ची इनपुट पिन १ आणि आउटपुट १६, २ ची २ आणि १५, असे समोरासमोर. अख्खा चॅनल बदलला, म्हणजे इनपुट ३ आणि ५ सुद्धा बदलले, तर फर्मवेअरला काडीचा फरक पडत नाही. तिसरा व्हॉल्व्ह तिसराच राहतो. इथे फक्त आउटपुटची बाजू बदलली गेली, म्हणून पाणी चुकलं. बहुतेक इनपुटचे ट्रॅक आधीच बसले असतील आणि ते मोडायचे नसतील.

तरीही, अख्खा चॅनल बदलला असता तरी सर्किटमध्ये ते यायलाच हवं होतं. दोन वर्षांनी कोणीतरी दुरुस्तीला बसतो, कागदावर १४ बघतो आणि १४ वर प्रोब लावतो. त्याचा अख्खा दिवस जातो.

ठिबकवाला

@सरळ_ट्रॅक ताई, अगदी तसंच झालंय. इनपुटकडचे ट्रॅक आधीच्या आवृत्तीतले होते, तसेच ठेवले होते. दादांवर राग नाहीच.

जुना_सोल्डर

सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हाचं सांगतो. पारदर्शक मायलर फिल्मवर दुप्पट मापात काळी टेप चिकटवून लेआउट करायचो. पॅड म्हणजे चकत्या, त्याही चिकटवायच्या. दोन थरांचा बोर्ड असेल तर एकाच फिल्मवर लाल आणि निळी टेप, आणि फोटो काढताना फिल्टर लावून एकेक रंग वेगळा करायचा. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटायचा, सकाळी येऊन बघावं तर एखादा ट्रॅक सरकलेला.

तपासणी माणसं करायची. दोघं बसायचे. एक लेआउटच्या प्रिंटवर बोट ठेवून वाचायचा, "आयसी दोन, पिन सात, तिथून रेझिस्टर अकरा, तिथून कपॅसिटर चार." दुसरा सर्किटच्या कागदावर तेवढी रेघ पिवळ्या पेन्सिलने रंगवायचा. सगळं वाचून झालं की सर्किटवर पांढरी रेघ एकही उरता कामा नये. उरली तर कनेक्शन राहिलं. रेघ नसलेलं काही वाचलं गेलं तर बोर्डवर जास्तीचं आलं. दुपारच्या जेवणानंतर हे काम करायचं नाही असा आमच्या साहेबांचा दंडक होता, वाचणाऱ्याला पेंग येते म्हणून.

तुमची ती पॅरिटी म्हणजे ही पिवळी पेन्सिलच.

फेरिक_क्लोराइड

काका, हे वाचून डोळ्यासमोर उभं राहिलं. आणखी लिहा की यावर, वेगळा धागा काढा.

स्टुटगार्टकर

माझ्या इथे अल्टियम आहे. त्यात स्कीमॅटिक बदललं की बोर्डकडे जाताना बदलांची एक यादी तयार होते, तिला ईसीओ म्हणतात. कोणता पार्ट आला, कोणता गेला, कोणत्या नेटमध्ये कोणती पिन जोडली, एकेक ओळ. आधी पडताळा, मग अमलात आणा. उलट दिशेनेही असंच, बोर्डवरून स्कीमॅटिककडे.

सॉफ्टवेअरपेक्षा मला आमच्या विभागातली सवय जास्त महत्त्वाची वाटते. ती यादी कोणीही न वाचता 'हो' म्हणत नाही. यादीत अपेक्षेपेक्षा एक ओळ जरी जास्त दिसली तरी थांबायचं. "मी एक कपॅसिटर बदलला, मग इथे तेवीस ओळी कशा?" हा प्रश्न विचारल्यामुळे दोनदा मोठं नुकसान टळलंय.

किकॅडमध्येही एफ-८ नंतर तशी यादी येते. बहुतेक जण न वाचता पुढे जातात.

रानवारा

>>> तेवीस ओळी कशा <<<

ही ओळ वाचून अंगावर काटा आला, कारण माझ्याकडे १४० ओळी आल्या होत्या आणि मी पुढे गेलो होतो.

झालं असं. बोर्ड रूट करून, म्हणजे सगळे ट्रॅक ओढून, झाला होता. सर्किटमध्ये रेझिस्टरचे नंबर वेडेवाकडे दिसत होते, म्हणून सगळे नंबर पुसून नव्याने दिले. एफ-८. त्या खिडकीत 'रेफरन्सवरून फूटप्रिंट पुन्हा जोडा' अशी चौकट असते (रेफरन्स म्हणजे पार्टचा नंबर, फूटप्रिंट म्हणजे बोर्डवरची त्याची पॅडसकट जागा), ती आधीच्या कुठल्यातरी कामापासून टिक केलेली राहिली होती. आर १२ चा झाला होता आर ३१, आणि बोर्डावरचा जुना आर ३१ दुसऱ्याच कोपऱ्यात. सगळे फूटप्रिंट जागच्या जागी राहिले आणि त्यांच्या ओळखी बदलल्या. १० के च्या जागी १०० ओहम, आणि ट्रॅक सगळे चुकीच्या नेटला टेकलेले. स्क्रीन लालेलाल.

नंतर समजलं की किकॅड सर्किटमधलं चिन्ह आणि बोर्डवरचा फूटप्रिंट यांचं नातं आर १२ या नावावर ठेवत नाही. प्रत्येक चिन्हाला एक लांबलचक अंतर्गत ओळख असते, यूयूआयडी. नातं तिच्यावर. म्हणून ती चौकट रिकामी असती तर नंबर कितीही बदलले असते तरी फक्त छापलेली नावं बदलली असती, बाकी काही हललं नसतं.

तांबेपट

@रानवारा, बरोबर. पण ती चौकट निरुपयोगी नाही. चिन्ह पुसून तेच पुन्हा ठेवलं की त्याला नवी ओळख मिळते. मग एफ-८ केल्यावर बोर्डवरचा जुना फूटप्रिंट अनाथ होतो आणि कर्सरला नवा लटकून येतो. 'चिन्ह नसलेले फूटप्रिंट काढून टाका' हेही टिक असेल तर नीट बसवलेला पार्ट गायबच. मुख्य पानावरचा भाग उपपानात हलवला तरी असाच गोंधळ. अशा वेळी नंबर तसेच ठेवायचे, ती चौकट एकदा टिक करून नाती जुळवायची आणि लगेच काढायची. नंबर बदलणं आणि नाती जुळवणं एकाच फेरीत कधीच नको.

ईगलपंथी

ईगल या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं आपोआप व्हायचं. स्कीमॅटिक आणि बोर्ड दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा, इकडे रेघ ओढली की तिकडे हवेतली तार आलीच. अट एकच, दोन्हीपैकी एक खिडकी बंद करून दुसरीत काम करायचं नाही. केलंत तर इशारा यायचा आणि त्यानंतर दोघांची फारकत. पुन्हा जुळवायचं तर ईआरसी (सर्किटची तपासणी) चालवून एकेक फरक हाताने मिटवायचा. एकदा रात्री अकरा ते पहाटे चार हेच केलंय.

आता ईगलच गेल्यात जमा. ऑटोडेस्कने २०२३ मध्ये जाहीर केलं की ७ जून २०२६ ला ते बंद होणार. माझे जुने बोर्ड किकॅडमध्ये आणतोय. आपोआपची सवय लागलीय, त्यामुळे एफ-८ विसरतो.

जाईजुई

विषयांतर करते. 'स्कीमॅटिक'ला मराठीत काय म्हणावं? सर्किटचा नकाशा?

जुना_सोल्डर

आम्ही नुसतं 'सर्किट' म्हणायचो. "सर्किट आण रे इकडे." नकाशा म्हणायचंच तर बोर्डला म्हणा. नकाशात अंतरं आणि दिशा खऱ्या असतात, सर्किटमध्ये फक्त कोण कोणाला जोडलंय ते. सर्किट म्हणजे वंशावळ, लेआउट म्हणजे कोण कुठल्या गल्लीत राहतं ते.

जाईजुई

वंशावळ आवडलं!

बुधवारपेठ

सगळे जुळवाजुळवीचं बोलताहेत, पण दोन्ही बाजू जुळून दोन्ही चूक असतील तर? बीसी ५४७ घ्या. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४ चं नेमकं उलट, एमिटर, बेस, कलेक्टर. दुकानात एक नसला की दुसरा घेतात, "चालतो हो" म्हणून. सर्किटमध्ये ५४७ चं चिन्ह, बोर्डवर त्याचाच फूटप्रिंट, पॅरिटी स्वच्छ, आणि भरताना ३९०४. किंवा चिन्हातच पिनांचे नंबर चुकीचे. किकॅड काय करणार बिचारं?

लायब्ररीचंही तसंच. लायब्ररीतला फूटप्रिंट दुरुस्त केला आणि एफ-८ दाबला तर बोर्डवरचा जुनाच राहतो, कारण बोर्डच्या फाइलीत त्याची स्वतःची प्रत असते. त्यासाठी 'लायब्ररीवरून फूटप्रिंट अपडेट करा' हा वेगळा पर्याय आहे. सहाव्या आवृत्तीपासून चिन्हंही स्कीमॅटिकच्या फाइलीत साठतात, त्यांनाही तोच नियम. माझ्या मित्राने पॅडचं भोक मोठं करून, एफ-८ दाबून, बोर्ड मागवले. कनेक्टरचे पाय आत गेले नाहीत.

गिटसखा

माझा उपाय यंत्राकडे सोपवणं. आठव्या आवृत्तीपासून किकॅडच्या कमांड लाइनमधून डीआरसी चालवता येतो आणि त्यात पॅरिटीही मागता येते. प्रोजेक्ट गिटमध्ये (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) आहे, कोणीही बदल पाठवला की सर्व्हरवर ते चालतं, फरक निघाला तर बदल आत येतच नाही. शिवाय बोर्ड कारखान्याला पाठवताना गर्बरबरोबर (बोर्ड बनवायच्या फाइली) आयपीसी-डी-३५६ ची नेटलिस्टही, म्हणजे कोण कोणाला जोडलंय त्याची यादीही, द्या. ते कोरा बोर्ड तिच्याशी ताडून पाहतात. ठिबकवाल्यांची चूक तिथेच सापडली असती.

सरळ_ट्रॅक

@गिटसखा, पहिल्या भागाला पूर्ण पाठिंबा. शेवटचं वाक्य मात्र पटलं नाही. ती नेटलिस्ट बोर्डच्या फाइलीतूनच निघते, स्कीमॅटिकमधून नव्हे. दादांच्या फाइलीत १४ नंबर पाचव्या रिलेला, नेटलिस्टमध्येही तसाच, तांब्यावरही तसाच. कारखाना म्हणणार, सगळं उत्तम. तिचा उपयोग जुने गर्बर चुकून गेले किंवा कारखान्यात ट्रॅक तुटला तर.

गिटसखा

खरंय ताई. ते वाक्य मागे घेतो.

रानवारा

पॅरिटी कितीही मागा, दादांसारख्यांना गिट कोण शिकवणार? त्यांना फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरतं.

सरळ_ट्रॅक

मला गिट येत नाही, तरी माझं काम चालतं. कामाचा अख्खा फोल्डर झिप करून येतो, तसाच जातो. नुसती बोर्ड फाइल आली तर मी काम सुरूच करत नाही. अदलाबदल हवी असेल तर सर्किटच्या प्रिंटवर लाल पेनने खूण करून फोटो पाठवते. समोरचा सर्किट बदलतो, फोल्डर परत पाठवतो, मी एफ-८ दाबते. पॅडच्या नेटला हात लावत नाही. वीस मिनिटं जास्त जातात.

'बोर्डवरून स्कीमॅटिक अपडेट करा' हा उलटा रस्ता आहे, नंबर आणि व्हॅल्यूसाठी चांगला. नेटची नावंही नेतो, पण तो कागदावरची तार उचलून दुसऱ्या पिनला लावत नाही. अदलाबदल सर्किटमध्ये हातानेच केलेली बरी.

ठिबकवाला

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसलो. दादांची बोर्ड फाइल माझ्या फोल्डरमध्ये ठेवली, प्रोजेक्ट मॅनेजरमधून उघडली, पॅरिटी टिक केली. चार ओळी आल्या.

पहिल्या दोन अपेक्षित: १४ आणि १२ या पॅडचं नेट स्कीमॅटिकशी जुळत नाही. तिसरी, सी २२ नावाचा फूटप्रिंट बोर्डवर आहे, स्कीमॅटिकमध्ये नाही. दादांना विचारलं, ते म्हणाले यूएलएनजवळ ०.१ मायक्रोफॅरड लावायला जागा ठेवली, तुझ्या सर्किटात नव्हता. चांगलंच केलं, पण आमच्या खरेदीच्या यादीत तो नव्हता म्हणून चाळीसही बोर्डांवर ती जागा रिकामी आहे. चौथी, आर १७ माझ्याकडे ४.७ के, बोर्डवर १० के. ही माझी चूक, फाइल पाठवल्यावर सर्किटमध्ये बदलला आणि कळवलं नाही.

म्हणजे एक फरक त्यांचा, एक माझा, आणि पॅडचे दोन दोघांच्या मधल्या फोनमधले.

एक प्रश्न उरला. बागेत लागलेल्या ४० बोर्डांचं सर्किट कोणतं समजायचं? माझं की त्यांचं?

जुना_सोल्डर

तांब्यावर जे आहे ते. सर्किटची एक प्रत काढ, तिला आवृत्ती 'अ' म्हण, ती बोर्डप्रमाणे दुरुस्त कर: १४ पाचव्याला, १२ तिसऱ्याला, आर १७ १० के, सी २२ रिकामा. दुरुस्तीला जाणाऱ्याच्या हातात तीच द्यायची. फर्मवेअर तिच्याप्रमाणे फिरव. मग नव्या बोर्डासाठी 'ब'. आणि बोर्डवर छपाईत अक्षर टाक, नाहीतर दोन वर्षांनी खोकं उघडल्यावर अ की ब ते समजणार नाही.

ठिबकवाला

काका, 'अ' तयार झाली, फर्मवेअर परवापासून बागोबाग जाऊन बदलतोय. 'ब'मध्ये अदलाबदल दादांची तशीच ठेवली, ताई म्हणाल्या तसे इनपुट ३ आणि ५ सुद्धा फिरवले, सर्किटमध्ये आधी आणि मग एफ-८. आता यादीत एकही ओळ येत नाही. दादा काल अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन गेले. गर्बर उद्या पाठवतो.

जुना_सोल्डर

पाठवण्याआधी एक प्रिंट काढ आणि पिवळी पेन्सिल घे. सगळा बोर्ड नको, नुसता यूएलएन ते रिले. जेवणाच्या आधी.

ठिबकवाला

बायकोला वाचायला बसवलं, मी रंगवलं. १४ पाचव्याला, १२ तिसऱ्याला, इनपुट ३ वर व्हॉल्व्ह पाच, ५ वर व्हॉल्व्ह तीन. पांढरी रेघ एकही उरली नाही. आत्ताच पाठवले.